पाठीवर कोयरी

(भर दुपार. खोलीत नुसता पंखा फिरतोय. मग फरशीवर टप, टप असा बारीक आवाज.)

चंचल : मम्मी, जो ने, बघ ना! पप्पांनी कूस बदलली की खडे पडतात!

हर्षदा : कुठून? अहो! उठा आधी. नाही, उठू नका! तसेच पडून राहा.

भूपेंद्र : उठू का पडू? एक काय ते सांग.

हर्षदा : पलंगावर साडी वाळत घातली होती मी. खड्यांखालचा गम ओला होता. दिसली नाही?

भूपेंद्र : मला वाटलं चादर आहे.

हर्षदा : आपल्याकडे खड्यांच्या चादरी? कोणत्या संस्थानातून आलात, राजे?

भूपेंद्र : आठवड्याची एक सुट्टी मिळते, हर्षदा. पलसाण्याच्या मिलमध्ये रंगाच्या वाफेत उभी राहून बघ, मग बोल.

हर्षदा : उभे राहता, कबूल. पण बदलीवाला आला की मशीन सोडून निघता ना? मध्ये चहा?

भूपेंद्र : मिळतो.

हर्षदा : हातात?

भूपेंद्र : चहावाला राघो आणून देतो.

हर्षदा : मला राघो नाही.

भूपेंद्र : तुझं घरबसल्या काम, व. पंख्याखाली, टीव्ही बघत...

हर्षदा : बसल्या! सकाळपासून बसले कधी, तेवढं सांगा. भाजी फोडणीला टाकायची, एक ओळ खडे. कपडे पिळायचे, हात कोरडे करायचे, एक ओळ खडे. टीव्हीचा मला नुसता आवाज येतो. मालिकेतली सून मेली की जगली, ते मी हिला विचारते.

चंचल : सून जिवंत आहे. तिची बहीण मेली.

हर्षदा : ऐकलंत? हलू नका! चिमटा दे गं, सोन्या.

भूपेंद्र : माय व, मनी पाठ!

हर्षदा : बनियन निघतंय, पाठ नाही. अख्खी कोयरी उमटलीय. तुम्हालाच पाठवलं असतं वाल्मिकभाऊंबरोबर, नमुना म्हणून.

भूपेंद्र : कसला नमुना?

हर्षदा : ही रोजची साडी नाही. दिवेलागणीला वाल्मिकभाऊ नेहमीसारखे साड्या न्यायला येतील, तेव्हा ही पर्वत पाटियाच्या साड्यांच्या कारखान्यात दाखवतील. पसंत पडली तर तिथे मला काम.

भूपेंद्र : मला नाही सांगितलंस.

हर्षदा : सांगितलं. मोबाइलमध्ये तोंड घालून तुम्ही 'हं' म्हणालात. त्या 'हं'च्या भरवशावर मी ही साडी करायला घेतली.

भूपेंद्र : कारखान्यात कशाला पण? घरात काय कमी आहे?

हर्षदा : खुर्ची. तिथे खुर्ची आहे. जेवणाची सुट्टी आहे. काम झालं की दिवा मालवतात, दार ओढतात आणि निघतात. मला एक दार ओढून निघायचंय. इथे कामाच्याच बाजूला अंथरूण घालते मी.

भूपेंद्र : आणि पोरगी?

हर्षदा : तुमची रात्रपाळी असते, तेव्हा दिवसा तुम्ही घरीच. घरबसल्या!

भूपेंद्र : तेव्हा मी झोपतो.

हर्षदा : झोपा ना. फक्त कशावर ते बघून.

भूपेंद्र : ...आण एक चिमटा. मीपण लावतो.

हर्षदा : तुम्ही? थानच्या थान कापड उचलणारे हात ते. हा खडा तिळाएवढा.

भूपेंद्र : शिकव की.

हर्षदा : टोकाला गम. टेकवा. दाबू नका... दाबलात! पापड लाटताय का? सोडा ती कोयरी. काठाकडची ओळ घ्या, ती निरीत जाते. तिथे कुणी तुमची कला बघायला येणार नाही.

भूपेंद्र : हा बरा बसला?

हर्षदा : पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. पण बसला.

चंचल : मम्मी, वाल्मिककाका तुला नेणार?

हर्षदा : आज साडीला. साडी आवडली की मग मला.

चंचल : मग तसं खेळू या. मी पप्पा. मी पलसाण्याला चालले.

भूपेंद्र : आणि मी गं?

चंचल : तुम्ही चंचल. रडायचं नाही. साडीवर पण झोपायचं नाही.

भूपेंद्र : बरं. मम्मी?

चंचल : मम्मी कारखान्यात. खुर्चीवर.

हर्षदा : शाबास गं, माझी बाय! एवढ्याशा पोरीला कळलं, घोड्याएवढ्या माणसाला नाही.

चंचल : पण मम्मी, मग आपल्या घरात मम्मी कोण?