दोघांच्या वाटणीत तिसरी

मला आंद्रेआस आणि हसन या दोघांनी मिळून फसवलं. दोघांनी मिळून, माझी हकीकत लिहायला आलात तर हे आधी लिहून घ्या, ताई.

मी अलिबागकडची. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू, गावात आम्हाला शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणी बंद, बाकीचे दिवस मी बापाशेजारी बसून गिऱ्हाइकाशी घासाघीस शिकले. लग्न होऊन लंडनला आले, नवरा पोस्टात, आणि मी एका वर्कशॉपात फ्रॉक शिवायला लागले. मालक दोघं, सायप्रस बेटावरचे. आंद्रेआस ग्रीक, हसन तुर्क. तिकडे त्यांच्या लोकांत मारामाऱ्या चालायच्या, पण इथं दोघं एका डब्यातले ऑलिव्ह खायचे, आणि मला म्हणायचे, रिबेका, तू ज्यू, तू आमच्या भांडणात नाहीस, तू दोघांची. पुढे कापडवाल्यांशी भाव मी करायचे, शिवणाऱ्या पोरींवर ओरडायचे मी, मोठी जागाही मीच हेरली, घरमालकाला घाम फोडून घेतली. तेव्हा दोघं म्हणाले, आता तू तिसरी भागीदार. कागद केला नाही, आमच्यात तोंडचा शब्द चालायचा, काय सांगू तुम्हाला.

मग चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात बेटावर लढाई झाली, बेटाचे दोन तुकडे झाले, तुर्क उत्तरेला, ग्रीक दक्षिणेला. आंद्रेआसच्या बहिणीची संत्र्यांची बाग उत्तरेत राहिली, हसनच्या आईचं घर दक्षिणेत. दोघंही रडले, मी दोघांना चहा दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनात. रिबेका, त्याला सांग. रिबेका, त्याला विचार. अहो, हाताच्या अंतरावर उभे असायचे! तिकडे बेटावर मधे युनोचे निळ्या टोपीवाले शिपाई, इकडे मी.

शेवटी वर्कशॉपही वाटायचं ठरलं, बोलणी माझ्याच तोंडून. कापड कापायचं लांब टेबल एकाला दिलं तर दुसरा अडून बसला, म्हणून करवतीनं मधोमध चिरलं, मग कुणाच्याच तुकड्यावर धड कापड पसरेना. इस्त्रीचं मशीन हसनकडे, तर खिडक्या आंद्रेआसकडे. नळ एकाच्या बाजूला, संडास दुसऱ्याच्या, त्यावर केवढी भांडणं, आणि मी दोघांना असं रगडलं की कुणाला सुईभर जास्त गेलं नाही. मधे प्लायवूडची भिंत उभी राहिली. मी म्हटलं, आणि माझं? आंद्रेआस म्हणाला, तुझं हसनच्या वाट्यातून बघ. हसन म्हणाला, छे, तू तर आंद्रेआसची माणूस. इतके महिने कशावर एकमत झालं नव्हतं त्यांचं, यावर झालं.

आता घरीच, पुढच्या खोलीत मशीन मांडून दोघांचेही फ्रॉक शिवते. पाठ धरते, डोळे दुखतात. शिव्या दिल्या तर दोघंही मान खाली घालून ऐकतात, पण एकेकटे, आणि दुसऱ्याकडे बोट दाखवतात. देव त्यांची बाग, त्यांचं घर त्यांना परत देवो, त्यात माझं मन काळं नाही. ते बेट कुणी तोडलं, त्याचा जाब त्यांनी ज्याला विचारायचा त्याला विचारावा. माझ्या वाट्याचा जाब मात्र या दोघांनी द्यायचा, एका खोलीत, शेजारी शेजारी उभं राहून. निरोप मी पोचवणार नाही, खुर्चीत बसून ऐकणार आहे. आणि म्हणणार आहे, बोला, कोण बोलतो आधी?