रॅम्पवरचा मोर

नांदेडला विद्यापीठाच्या गेटपाशी, ग्रंथालयातल्या तारामतीबाई बसची वाट बघत बाकावर टेकल्या होत्या. शेजारी दोन पोरींच्या गप्पा चालल्या होत्या. एक तीनचाकी सायकलवर होती.

"जेबा, भूकंपात भिंतीखालून जित्ती निघालीस, अन् रांगोळीला भ्यालीस व्हय?"

"भ्याले न्हाई गं शिवांगी. अपंग दिनाच्या पाहुण्यांसाठी सभागृहाच्या अख्ख्या रॅम्पवर मोर काढलेला. शिपाईमामा म्हणले, पाहुणे येईस्तोर थांब, मोर मोडंल."

"अन् पहिलं भाषण तुझंच!"

"हाव ना! मग गेले बिस्मिल्ला करून मोरावरून. चाकांना लागलेला निळा रंग पार माइकपर्यंत गेला."

"बरं केलंस."

"लई जिवावर आलं पण. कुणीतरी सकाळपासून खपलं असंल बिचारं."

तारामतीबाईंना राहवलं नाही. त्यांनी आपली निळी बोटं पुढं केली.

"या अल्ला! बाई, माफ करा, तुमचा मोर…"

"गप बस. पुढच्या वर्षी पायऱ्यांवर काढते."

"मग पाहुण्यांनी कुठून चढायचं?"

"येतील की रॅम्पवरून, तुझ्या मागनं."