दारात उभा राहिलेला सेक्रेटरी

शिंपीणबाई दुखरा गुडघा घेऊन दवाखान्यात बसल्या होत्या. डोळे मिटलेले होते, पण कान शेजारच्या दोन जावांकडे होते. त्यांच्या सासऱ्यांना आत डॉक्टर तपासत होते.

“मामंजींना साखरेचा आजार आहे, पायाला काही कळत नाही, हे भाऊजींना माहीत नव्हतं का?”

“माहीत होतं, ताई. पण चर्चमध्ये अनवाणीच यायचं, असं मंडळीने ठरवलंय. हे तिथले सेक्रेटरी. घरच्यांना सूट दिली तर लोक काय म्हणतील?”

“म्हणून सख्ख्या बापाला दारात अडवून बूट काढायला लावले.”

“बायबलात मोशेलासुद्धा देवापुढे जोडे काढावे लागले होते.”

“त्याला देवाने सांगितलं होतं, सेक्रेटरीने नाही. पायात काच शिरली तरी म्हातारा डोळे मिटून प्रार्थना करत बसला. फरशीवरचं रक्त लोकांनी पाहिलं. आता आठवड्यात बोट काळं पडलंय.”

“ह्यांनाही फार वाईट वाटलं.”

“भाऊजींनी स्वतःचे बूट काढले होते का गं?”

“ते आत गेलेच नाहीत. दारात उभं राहून लोकांचे पाय बघायचे होते ना.”

“छान भक्ती आहे. देव आत, आणि हे बाहेर चपलांच्या राखणीला.”

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

“आजोबांचं बोट काढावं लागेल. मुलाची सही हवी. आत यायला सांगा, पण बूट बाहेर काढून.”

“खाली गाडीत बसलेत,” धाकटी पुटपुटली.

“बोलाव,” थोरली म्हणाली. “नियम त्यांना पाठ आहे.”