होडीचा खिळा आणि थर्माकोलची भिंत

हसू नका, पण आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात कारखान्यातून तयार घर आणणारा पहिला शहाणा मीच. ट्रकमधून भिंती आल्या, आठवड्यात घर उभं. स्वस्त, आत गारेगार, एकदम झकास! गल्लीभर सांगत सुटलो, ‘विटांचा जमाना गेला रे!’

भिंत म्हणजे दोन पत्रे आणि मध्ये थर्माकोल, हे मात्र कुणाला बोललो नाही.

पहिल्याच दिवशी बायको म्हणाली, “आबांचा फोटो लाव ना.” आता कोळ्याच्या घरात खिळा म्हणजे होडीचाच, वीतभर लांब. एक घाव घातला, तर पिकल्या पपईत जावा तसा आत गेला.

“बघ, किती सोपं!” मी म्हटलं.

तेवढ्यात शेजारच्या पारूआत्याने हाक मारली, “नंदू, जरा बाहेर ये रे!”

गेलो. खिळ्याचं टोक तिच्या अंगणात निघालेलं आणि आत्या त्याला बोंबील सुकवायची दोरी बांधत होती.

“आत्या, अगं, ही माझी नवी भिंत आहे!”

“माहीत आहे रे. आबांचा फोटो झाला, आता एकवीरा आईचा पण लाव. दोरीचं दुसरं टोक कुठे बांधू?”