आईचा चमचा

वाकोल्याच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलो होतो. बाकावर शेजारी लूर्डसबाई पिशवीतला एक काळपट चमचा काढून, फाउंड्रीतून रिटायर झालेल्या गुणाजींना दाखवत होत्या.

"आईचे असे सहा चमचे आहेत, गुणाजीभाऊ. वितळवून तिच्या थडग्यासाठी छोटा क्रूस ओतायचाय. चांदी आहे का हो?"

"नाही. नखाने ओरखडा उठतोय बघा."

"मग शिसं?"

"शिशाची कागदावर काळी रेघ उठते. या केसपेपरवर घासतो. बघा, काही नाही. हे प्यूटर वाटतं, म्हणजे जवळजवळ सगळं कथील. घरच्या स्टोव्हवर वितळेल. पितळ असतं तर भट्टी लागली असती."

"नक्की कथीलच?"

"कान जवळ आणा. जरासा वाकवतो."

"देवा. हा कण्हला."

"कथील वाकवलं की असंच कण्हतं. तीस वर्षं ऐकतोय, अजून अंगावर काटा येतो."

"पुन्हा वाकवा ना, हळूच."

"ऐकलंत?"

"ऐकलं. वितळवल्यावर हा आवाज जातो का?"

"नाही जात. क्रूस वाकवलात तर तोही कण्हेल."

"क्रूस कोण वाकवणार, भाऊ?"

"तेही खरं. मग काय करायचं?"

"पाचच वितळवू. हा माझ्याकडे राहू दे."