पोचपावतीवरची सही

केळंबाक्कम पोलीस ठाणे, चेन्नई. दि. २१ मे.

मी व्यासराज कृष्णमूर्ती राव, वय ५४, धंदा मिसळीचं दुकान, राहणार केळंबाक्कम. पुण्याहून तपासाला आलेल्या हवालदार तुळजाबाई यांनी समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

सिरुसेरीच्या दुकानातली भट्टी, धुरांडं, भांड्यांची मांडणी, सहा बाकं आणि शटर मी स्वतःच्या हातानं केलं. वेल्डिंग कोणी शिकवलं नाही, बघून शिकलो. तुळजाबाईंनी "शटरसुद्धा?" असं विचारलं. हो, शटरसुद्धा. बाहेरची पाटी आणि मसाला तेवढा पुण्याच्या मिसळ कंपनीचा, तिच्या नावानं मी दुकान चालवतो.

कंपनीशी करार पाच वर्षांचा, मार्चअखेर मुदत संपली. करारात असं आहे की, पुढे चालवायचा नसेल तर कंपनीनं तीन महिने आधी लेखी नोटीस माझ्या हातात द्यायची आणि सही घ्यायची. नाहीतर करार आपोआप आणखी पाच वर्षं चालतो. मला नोटीस मिळाली नाही, म्हणून एप्रिलमध्येही मी दुकान उघडलं. करार संपूनही त्यांचं नाव वापरतो, अशी कंपनीची फिर्याद आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीचे मॅनेजर देवेश दुकानात आले. डिसेंबरची तारीख घातलेली नोटिशीची पोचपावती त्यांनी गल्ल्यावर ठेवली. खाली सही होती. नाशिकची ऋजुता नावाची मुलगी समोरच्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, ती जेवत होती. तिला मी कागद दाखवला.

ती म्हणाली, "काका, ही तुमची सही?"

मी विचारलं, "काय लिहिलंय?"

"व्यासराज राव."

मी म्हटलं, "नाव तर माझंच आहे."

तुळजाबाईंनी विचारलं, मराठी बोलता आणि लिहिता येत नाही? नाही. आमचं घर मूळ तंजावरचं. घरात मराठी, शाळेत तमिळ, तीही सातवीपर्यंत. पुढचं सगळं माझं मी शिकलो, इंग्रजी ड्रॉइंगसुद्धा वाचतो. ही अक्षरं राहिली. सही मी तमिळमध्येच करतो. कराराच्या प्रत्येक पानावर ती आहे. ज्यानं हे केलं त्यानं करार उघडूनही पाहिला नसावा. मराठी माणूस, म्हणजे मराठीत सही करणार, असं धरलं असेल.

आज ठाण्यात ती पोचपावती मी उजेडाकडे धरून पाहिली. वेल्डिंगची शिवण बघतो तशी. वरची रेघ एका दमात ओढली आहे, मध्ये हात उचललेला नाही. सराईत हात आहे. कोणाचा, ते इथे कंपनीतर्फे आलेल्या देवेश यांना मी दोनदा विचारलं. रागानं नाही, मला खरंच बघायचं होतं. ते म्हणाले, "काका, तो विषय सोडा."

हा जबाब तुळजाबाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण कानांनी ऐकलं ते माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे. एक गोष्ट राहिली, ती सहीआधी घालून घेतली.

एप्रिलमध्ये दुकानात पोचपावती दाखवली त्याच आठवड्यात देवेश आमच्या घरी आले. माझी बायको गोदा हजर होती. सही माझीच आहे असं लिहून द्यावं आणि दुकान सोडावं, बदल्यात कंपनी पैसे देईल, असं ते म्हणाले. गोदा म्हणाली, "त्यापेक्षा यांना चार अक्षरं शिकवून जा." मी नको म्हटलं. रक्कम सहा लाख रुपये होती.