फुंकायचं नाही, ओढायचं

— फुंकताय काय? ओढायचंय, ओढायचं! शिट्टी नाही ही, बाबा. तीस वर्षं शाळेच्या मैदानात पोरांच्या कानात फुंकलीत, बास झालं — आता नळी तोंडात धरा आणि हवा आत घ्या. तीन गोळे आहेत, तिन्ही वर गेले पाहिजेत. हलला किती? एक. तोही माझ्यावर मेहेरबानी केल्यासारखा. — डोळे कोणावर वटारता? उशी छातीशी घट्ट धरा, ऑपरेशनचे टाके सांभाळा, खोका. खोका म्हणतो ना! सकाळपासून ताप आहे, संध्याकाळपर्यंत कफ सुटला नाही तर परत आयसीयूत नेऊन घशात नळी घालतील — डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाल्या. आईला सांगितलेलं नाही. दर तासाला दहा वेळा, आणि मध्ये सोडलं की पहिल्यापासून. — हा नियम त्यांचा नाही, माझा. माझा कसला, तुमचाच. नववीचा वर्ग, शिट्टीची दोरी दुहेरी करून दहा फटके, तोंडातून आवाज निघाला की पहिल्यापासून. बाकीच्यांचं दहात भागायचं. मी सरांचा मुलगा ना — सव्वीस. आणि वर सगळ्यांदेखत विचारलंत, 'लागलं का?' मी म्हणालो, 'नाही सर.' दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो नाही, तिसऱ्या दिवशी नाही, गेलोच नाही — आणि तुम्ही गावभर सांगत सुटलात, पोराला डोकंच नाही!

कालच्या श्वासांच्या तक्त्यावरच्या खुणा? मीच केल्या. तुम्ही झोपला होतात, मी उठवलं नाही. दहा, दहा, दहा — नुसत्या खुणा. बसून छातीतली घरघर ऐकत होतो. बरं वाटत होतं. एका बुक्कीत सगळे टाके उसवावेत असं — उशीकडे काय बघता? तुमच्याच हातात आहे ती.

ओढा. तीन... चार... सोडलंत! अर्ध्यावर का सोडता? दुखतं म्हणून. सिस्टर तीनदा विचारून गेल्या, दुखतंय का, आणि तुम्ही तीनदा मान हलवलीत — नाही. दुखत नाही म्हणून औषध नाही, औषध नाही म्हणून श्वास भरत नाही, आणि आत कफ साचतोय. अशाने मराल, कळतंय का? कोणाला दाखवताय, मला?

आल्या बघा सिस्टर, दारात उभ्या आहेत. सांगा त्यांना. मान हलवायची नाही, तोंडाने सांगायचं. 'नाही' म्हणालात तर परत विचारीन, सव्वीस वेळा विचारीन —

लागलं का, सर?

बोला ना.